मूळ फॉर्ममधली नानांची टीप

सोमवार, तारीख एकवीस. रक्कम चार लाख अठरा हजारांच्या घरात, नक्की आकडा अजून निघायचा होता. हजर: मी, तुमच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि दूध संस्थेचे सचिव भगवानकाका. जागा तुमच्या घरची पुढची खोली. तुम्ही नव्हता, नाना. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते.

पुण्यानुमोदनाची सभा आदल्या दिवशी, रविवारी झाली होती. मंडपवाल्याच्या खुर्च्या अंगणात एकावर एक रचून ठेवल्या होत्या. साठ आणल्या होत्या, मी मोजल्या तेव्हा एकोणसाठ होत्या. तुमच्या टेबलावर तुमचा फोटो होता, हार घातलेला, आणि त्याच्यामुळं लॅपटॉप ठेवायला जागा नव्हती. माझा हात फोटोकडं जाईना. वहिनी म्हणाल्या, "सरकव की जरा. त्यांना काय, सवय हाय टेबल सोडून बसायची." मी तुम्हाला खिडकीकडं सरकवलं आणि कामाला बसले.

तुमच्याविषयी लोक बरंच बोलले रविवारी. कुणी सांगितलं की धाराशिवात पहिला कॉम्प्युटर क्लास तुम्ही काढला, कुणी सांगितलं की किती पोरं शिकवली. मी उठले नाही. मी त्या क्लासमधलीच, फी चार हप्त्यांत भरलेली, आणि नंतर सतरा वर्षं तुमच्याबरोबर दूध संकलनाचं सॉफ्टवेअर केलेली. मला बोलता आलं असतं. पण तुमच्या-माझ्यात एक गोष्ट बोलायची राहिली होती आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. आता लिहिते.

झालं होतं असं. वरच्या डेअरीनं दुधाचं दरपत्रक बदललं. दुधाचा भाव फॅटवर आणि एसएनएफवर ठरतो हे तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल: फॅट म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ म्हणजे तो सोडून दुधात उरणारा घन भाग. नव्या पत्रकात एसएनएफ आठ पूर्णांक तीनच्या खाली गेलं की लिटरमागं एक रुपया कपात होती. म्हणजे बिलाच्या फॉर्मवर एक नवा रकाना हवा होता. भगवानकाकांचं केंद्र परंडा रोडवर, एकशे त्रेचाळीस उत्पादक, दर दहा दिवसांनी बिल. एकवीसला बिल तयार, बावीसला बँकेत यादी. एक दिवस चुकला तर यादी पुढच्या आठवड्यात जाते आणि एकशे त्रेचाळीस घरांत पेंडीचे पैसे थांबतात. काका सकाळी आठच्या एसटीनं स्वतःच आले. फोनवर काम होत नाही असं त्यांचं मत आहे.

रकाना वाढवणं म्हणजे वीस मिनिटांचं काम. मी बिलाचा फॉर्म उघडला. फॉर्म आला नाही. पांढरं पान आलं, वर पिवळी पट्टी, आणि इंग्रजीत एवढंच की ज्या फॉर्मवरून हा फॉर्म काढला आहे तो सापडत नाही.

तुमची पद्धत अशी होती. एक मूळ फॉर्म. वर संस्थेचं नाव, उजवीकडं तारीख, खाली चार बटणं, चूक झाली की लाल पट्टी. बाकीचे एकोणतीस फॉर्म त्या एकावरून काढलेले, दूध नोंद, बिल, पेंड उधारी, सगळे. मूळ फॉर्म वेगळ्या लायब्ररीत बांधलेला, म्हणजे एका वेगळ्या फाइलीत, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला फक्त सांगून ठेवलेलं की ती फाइल कुठं आहे. मूळ फॉर्मवर बटण हिरवं केलं की एकोणतीस ठिकाणी हिरवं.

मला ही पद्धत कधीच पटली नाही. मी म्हणायचे, प्रत्येक फॉर्म आपल्या पायावर उभा पाहिजे, लागलं तर नक्कल करू. त्यावर तुम्ही समोरचे दोन दात नसलेल्या तोंडानं शिट्टीसारखा फ काढत म्हणायचा, "सुनंदा, एकोणतीस फॉर्म हातानं दुरुस्त करायला बसशील तर अठ्ठावीस करशील आन एक राहील. आन गिऱ्हाईक नेमका त्योच उघडंल."

"आणि तुमचा एक बिघडला की एकोणतीस खाली बसतील, त्याचं काय?"

"म्हणून तर त्यो एक मी जपतो."

"तुम्ही नसल्यावर?"

"तवा तू जप."

हे भांडण आपण चौदा वर्षं केलं. चहा आला की थांबायचं. एकदा तुम्ही चिडून म्हणाला होता, "ही बाई मेली तर चितेवर पडल्या पडल्या लाकडं मोजंल." आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात सगळे हसले, मीही हसले. तुमच्या वेळी वखारीत मीच गेले, नाना. साडेतीन क्विंटल. काट्यापाशी उभी राहून वजन करून घेतलं. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

तर पांढरं पान. काका शेजारी स्टुलावर बसून बघत होते. "काय म्हंतंय?"

"म्हणतंय, बाप सापडत नाही."

"मग तेला सांग, आमालाबी न्हाय सापडत," काका खिडकीकडं, तुमच्या फोटोकडं बघत म्हणाले.

कारण तसं साधं निघालं. माझा जुना संगणक दिवाळीत व्होल्टेजनं जळाला. नवा लॅपटॉप घेतला, त्यावर सगळं तुम्ही दिलेल्या पेनड्राइव्हवरून उतरवलं, आणि तेव्हापासून फॉर्म बदलायची वेळच आली नव्हती. प्रोग्रॅम लायब्ररी शोधत होता जुन्या पत्त्यावर, डी ड्राइव्हच्या तुमच्या नावाच्या फोल्डरात. माझ्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. जोडलेल्या फाइलींच्या यादीत लायब्ररीच्या नावापुढं पिवळा त्रिकोण लागला होता. बरं झालं, काम मी तुमच्या घरीच मांडलं होतं. लायब्ररीचा मूळ मजकूर तुमच्याच संगणकावर होता. मला तुम्ही नेहमी तयार बांधलेली फाइल देत होता, आतला मजकूर नाही. नऊ वर्षं.

तुमचा संगणक वहिनींनी चालू करून दिला. वर फडकं टाकलेलं होतं, ते त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं. तिथंच बसून काम करावं म्हणून मी प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर त्यानं तुमच्या खात्याचा पासवर्ड मागितला. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला त्यांनी बँकेचा सांगितला, मोबाईलचा सांगितला. ह्याचा म्हणाले, तुला काय करायचाय." तो तुमच्याबरोबर गेला. मी तुमचं फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर घेतलं आणि माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. जुना पत्ता काढून टाकला, नवा दिला. त्रिकोण गेला.

"झालं," मी काकांना म्हणाले. साडेअकरा वाजले होते.

झालं नव्हतं. सगळं नव्यानं बांधलं आणि बिलाचा फॉर्म उघडला, तर परत पांढरं पान. या वेळी चूक वेगळी: मूळ फॉर्म सापडला, पण उभा राहताना कोसळला. खाली चाळीसेक ओळींची यादी, सगळी इंग्रजी नावं, कुणी कुणाला हाक मारली त्याची. तुम्ही क्लासमध्ये शिकवलं होतं की ती यादी सगळी वाचायची नसते. आपण लिहिलेलं पहिलं नाव सापडेपर्यंत बोट खाली न्यायचं, बाकीची नावं परक्याची. मी बोट खाली नेलं. सातव्या ओळीला आपलं नाव आलं. म्हणजे तुमचं. मूळ फॉर्मच्या आत, तो तयार होतानाच चालणारं एक काम, "आवृत्तीतपास" नावाचं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या पद्धतीत लेकरू-फॉर्म, म्हणजे त्या एकावरून काढलेला फॉर्म, नुसता बघायला उघडला तरी आधी मूळ फॉर्म खरोखर उभा करावा लागतो. म्हणजे मूळ फॉर्म तयार होताना जी कामं त्याला सांगितलेली असतील ती प्रोग्रॅम न चालवताही होतात. तुम्हीच शिकवलं होतं: "मूळ फॉर्म उभा राहताना त्याच्या अंगावर काम टाकू नये. बसल्यावर टाकावं." तुमचाच नियम, आणि तुम्हीच मोडलेला. मला राग आला. अकरा दिवसांत पहिल्यांदा रडू न येता राग आला, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

मी ते काम उघडलं. अठरा ओळी. पहिलीत डी ड्राइव्हवरची एक यादी उघडायची, कोणत्या केंद्रावर लायब्ररीची कोणती आवृत्ती चालते त्याची. पुढच्या ओळींत बसवलेली आवृत्ती त्या यादीशी जुळवायची. जुळली नाही, किंवा यादीच नसली, तर फॉर्म उघडू द्यायचा नाही. माझ्याकडं डी ड्राइव्ह नाही, यादी नाही, म्हणून फॉर्म नाही. चूक सापडली होती.

पण त्या अठरा ओळींच्या वर हिरव्या अक्षरांत एक टीप होती. यंत्र अशी टीप वाचत नाही, ती पुढच्या माणसासाठी असते. तुम्ही टिपा मराठीत लिहायचा. मला वाचायला एक क्षण उशीर झाला, आणि भगवानकाकांनी चष्मा वर करून ती मोठ्यानं वाचली.

"परंडा रोडच्या केंद्रावर नव्या बिलाखाली जुनी लायब्ररी बसवली गेली. कुणी बसवली ते महत्त्वाचं नाही. परत होऊ नये म्हणून हे."

काका म्हणाले, "परंडा रोडचं केंद्र म्हंजे आमचंच की. ही कवाची गोष्ट?"

मला माहीत होतं कवाची.

नऊ वर्षांपूर्वी मी त्या केंद्रावर नवं बिल बसवायला गेले होते. प्रोग्रॅम उघडेना, लायब्ररी मागत होता. नवी फाइल मी दुकानातच विसरले होते. माझ्या पेनड्राइव्हवर एक जुनी होती. ती टाकली, प्रोग्रॅम उघडला. दोन-चार बटणं दाबून पाहिली आणि पाचची एसटी पकडली. त्या जुन्या लायब्ररीत एसएनएफचा दुसरा दशांश वर ढकलला जायचा. ती चूक तुम्ही त्याच्या दोन महिने आधी दुरुस्त केली होती आणि मला सांगितलीही होती. तीन बिलं तशीच निघाली. दर उत्पादकाला थोडे थोडे जास्त गेले, आणि डेअरीचा चेक आला तेव्हा संस्थेला सहा हजार दोनशे बारा रुपये कमी पडले. दुधाचे दिलेले पैसे दारोदार जाऊन परत मागता येत नाहीत.

तुम्ही गेलात आणि संस्थेच्या मीटिंगमध्ये उभे राहिलात. चूक माझ्या सॉफ्टवेअरची आहे, म्हणाला, आणि रक्कम स्वतः भरून आलात. पावती दुकानात आणून माझ्यापुढं ठेवली, कारण हिशोब मी लिहीत होते. मी म्हणाले, दुकानाच्या खात्यावर टाकू. तुम्ही म्हणाला, "नगं. ती माझी हाय." आणि मग खुर्ची ओढून बसता बसता, माझ्याकडं न बघता विचारलंत, "जुनी फाइल गेली कुठनं असंल गं?"

मी म्हणाले, "भगवानकाकांनीच जुन्या फोल्डरातनं उचलून टाकली असंल. ते कशालाबी हात लावतात."

तुम्ही म्हणाला, "हं."

एवढंच. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे वाक्य मी आत्ता तीनदा लिहिलं आणि खोडलं. तुम्ही विचारलं होतं. एकदा. आणि मी खोटं बोलले, घरच्यासारख्या एका माणसावर ढकलून, कारण चौथीपासून माझ्या हिशोबात कधी चूक निघाली नव्हती आणि ती निघू द्यायची नव्हती.

त्यानंतर केंद्रावर बसवायला तुम्ही एकटेच जायला लागला. दोन महिने मी काही बोलले नाही, मग भांडले. "मी बाई आहे म्हणून मला बाहेरगावी पाठवत नाही का?" तुम्ही म्हणाला, "तसं न्हाय सुनंदा. तुझ्या सासूबाईंची तब्येत बरी नसती." सासूबाई त्याच आठवड्यात तुळजापूरला चालत जाऊन आल्या होत्या आणि मलाच म्हणत होत्या की तू लवकर दमतेस. मी नऊ वर्षं समजून होते की नाना मोठ्या मनाचे, पण बाईच्या बाबतीत जुन्या वळणाचे. चार जणांना तसं सांगितलंही. तुम्ही यादी घेऊन प्रत्येक केंद्रावर स्वतः जात होता, आवृत्ती जुळवत होता, एसटीचे धक्के खात होता, आणि येताना माझ्या लेकीसाठी पेढे आणत होता. एकदा तर हिशोबात मी तुमचा प्रवासखर्च जास्त दिसतो म्हणून लाल पेनानं खूण केली होती. त्या महिन्यापासून तुम्ही तो लावणंच बंद केलं.

काका अजून टीप बघत होते. "कुणी बसवली ते महत्त्वाचं न्हाय, म्हंजे? कुणी बसवली हुती?"

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. तुम्ही तशी सोय करून ठेवली होती. नाव लिहिलं नव्हतं. मी फोटोकडं बघितलं, आणि फोटो काही मदत करत नाही.

"मी, काका. मी बसवली होती. माझ्या पेनड्राइव्हवरची. आणि नानांना मी सांगितलं की तुम्ही बसवली."

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"तू?" ते म्हणाले. "अगं, नऊ वर्सं मला वाटतंय म्याच कायतरी दाबलं."

"तुम्हाला का वाटावं?"

"का म्हंजे? त्याच दिसांत म्या एकदा माऊस फडक्यानं पुसला हुता की. पुसताना खटाखट वाजला. म्हटलं, गेलं वाटतं कायतरी. नाना मीटिंगमदी माझी चूक माझी चूक म्हणाय लागला तवा मला वाटलं, मला झाकतोय. लई लाजलो. तवापास्नं म्या त्या मशीनला हात लावत न्हाय. पोरगं लावतंय, म्या वही लिवतो."

"कसली वही?"

"सगळ्यांचं. सकाळ-संध्याकाळ. लिटर, फॅट, एसएनएफ. हातानं."

नऊ वर्षं, रोज दोन वेळा, शंभरच्या वर माणसं. गुणाकार मी मनात केला आणि तो इथं लिहीत नाही. मी विचारलं, "रागावला का काका?"

"रागावून काय करू? वय बघ माझं." मग म्हणाले, "त्याला तरी सांगायचं हुतंस. वाट बघत असंल गडी."

तुम्ही वाट बघत होता का, नाना? टिपेत 'कुणी बसवली ते महत्त्वाचं नाही' असं कुणासाठी लिहिलंत? ती उघडणारी मीच असणार हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही असेपर्यंत उघडणार नाही, हेही माहीत होतं. मला हे माया म्हणून घ्यावं की शिक्षा म्हणून, हे अजून ठरत नाही. एक दिवस असं वाटतं, एक दिवस तसं.

वहिनींनी चहा टाकला.

पुढं कामच होतं. सोपा रस्ता म्हणजे त्या अठरा ओळी काढून टाकायच्या, पाच मिनिटांत सगळं उघडलं असतं. मी त्या काढल्या नाहीत. तपास मूळ फॉर्म उभा राहतानाच्या जागेवरून हलवला आणि प्रोग्रॅम खरोखर चालू होतानाच्या जागी ठेवला, म्हणजे नुसतं बघायला उघडलं तर तो आडवा येत नाही. यादीचा पत्ता डी ड्राइव्हवरून काढून प्रोग्रॅमच्या शेजारी आणला. हे तुम्हाला करता आलं असतं. तुम्ही घाईत लिहिलं होतं, किंवा रागात. रागात असाल तर मला बरं वाटेल. टीप मी तशीच ठेवली. तिच्याखाली एक ओळ घातली: "मी बसवली होती. सुनंदा." आणि तारीख.

बिलाचा फॉर्म उघडला. वर संस्थेचं नाव, उजवीकडं तारीख, खाली चार बटणं. तुम्ही होता तेव्हा जसा दिसायचा तसाच. मी एकोणतीसच्या एकोणतीस उघडून बघितले. सगळे उघडले. भांडणाचा हा निकाल तुम्ही हवा तसा लावून घ्या: एक बिघडला तर एकोणतीस खाली बसतात हे माझं खरं ठरलं. एक दुरुस्त केला की एकोणतीस उठतात हे तुमचं.

रकाना वाढवला, दर बदलला, काकांनी पेनड्राइव्हवर आणलेल्या नोंदींचं बिल काढलं. चार लाख अठरा हजार पाचशे चव्वेचाळीस. मी 'झालं' म्हणाले नाही. काकांना म्हणाले, "वही आणलीय?"

ती पिशवीतच होती. लाल कापडाची, दोरीनं बांधलेली. सकाळी एसटीत बसल्यावर दर ओळीची बेरीज मारून ठेवली होती त्यांनी, नव्या दरानं. मी नावं वाचत गेले, ते आकडे सांगत गेले. एकशे एकोणचाळीस जुळली. चार जुळेनात. फरक शहाण्णव रुपये.

"तुजं मशीन चुकतंय," काका म्हणाले.

"मशीन नाही. मी."

पत्रकात 'आठ पूर्णांक तीनच्या खाली' असं होतं. मी घाईत 'आठ पूर्णांक तीन आणि त्याखाली' असं लिहिलं होतं. नेमकं आठ पूर्णांक तीन लागलेलं शहाण्णव लिटर दूध, चार घरांचं, त्याला रुपया-रुपया कापला गेला होता. ती वही नसती तर ते बिल तसंच गेलं असतं. आणि माझ्या खोटेपणामुळंच ती वही होती. हे गणित मी बरेच दिवस मांडून बघितलं. त्यातून माझ्या बाजूला काही शिल्लक निघत नाही, ती काकांच्या बाजूला निघते.

दुरुस्त केलं. चार लाख अठरा हजार सहाशे चाळीस. काकांनी यादी दोनदा घडी घालून खिशात ठेवली आणि जाताना तुमच्या फोटोपुढं उभे राहिले. तुम्ही दोघं एकाच शाळेत होता हे मला तेव्हा आठवलं. ते म्हणाले, "नाना, जयभीम. तुझ्यावर नऊ वर्सं उगं उपकार धरून बसलो. फिटले बघ." आणि साडेपाचच्या एसटीला गेले.

शनिवारी मी परत वहिनींकडं गेले. पाकिटात सहा हजार दोनशे बारा रुपये होते. वहिनी पोह्याच्या ताटल्या घासत होत्या, हात पुसून बसल्या. मी म्हणाले, हे नानांनी तेव्हा भरलेले. सोमवारी ऐकलंतच तुम्ही.

"मला तेव्हाच माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "आल्या आल्या म्हणाले, सुनंदानं जुनी फाइल टाकली. मी म्हटलं, मग सांगा तिला. तर म्हणाले, ती येईल सांगायला."

मी पाकीट त्यांच्यापुढं सरकवलं.

"मग काही दिवस रोज विचारायची मी, आली का सांगायला? नंतर सोडून दिलं." त्यांनी पाकीट उघडलं, बोटाला पाणी लावून नोटा मोजल्या, बरोबर होत्या. "हे पैसे त्यांनी कशातले भरले माहीतय का? दाताचे होते. समोरचे दोन. डॉक्टरनं माप घेऊन ठेवलं होतं."

नाना, मी तुम्हाला त्या दातांवरून किती बोलले. दर दिवाळीला. लोकांसमोर. "दुकानाचे मालक आहात, दात तरी बसवा." तुम्ही म्हणायचा, "दात बसवले तर सुपारी कुठं ठिवू?" सगळे हसायचे. मला वाटायचं चिक्कूपणा आहे. शेवटपर्यंत तुम्ही फॉर्म म्हणताना शिट्टी वाजायची, आणि मी तिची नक्कल करायचे.

मी पैसे देते तिथं पावती घेते, हे वहिनींना माहीत आहे. त्यांनीच तुमच्या ड्रॉवरमधून दुकानाचं पावतीपुस्तक काढून माझ्यापुढं ठेवलं. मी लिहायला घेतलं. तारीख. रक्कम, आकड्यात आणि अक्षरी. 'कशाबद्दल' या रकान्यापाशी पेन थांबलं. मी विचारलं, "इथं काय लिहू, वहिनी?"

त्या म्हणाल्या, "दात लिही."

एकशे त्रेचाळीस उत्पादकांना चार लाख अठरा हजार सहाशे चाळीस रुपये बावीसच्या यादीनं मिळाले. आणि शनिवारी, रुपये सहा हजार दोनशे बारा फक्त. कशाबद्दल: दात. देणार: सुनंदा. घेणार म्हणून वहिनींनी सही केली, पावतीवर छापलेल्या तुमच्या नावाच्या खाली.